चौऱ्याऐंशी ट्रॅक

अकरा वाजता संगीतकाराच्या संगणकाने जाहीर केलं, की सहा मिनिटांच्या पार्श्वसंगीताची फाइल तयार व्हायला अजून तीन तास चाळीस मिनिटं लागतील. लघुपट एक वाजता निवड समितीपुढे जायचा होता. दिग्दर्शिकेचे दोन फोन येऊन गेले होते, आणि दुसऱ्या फोनमध्ये ‘अहो’ गळून पडलं होतं.

बायको ऑफिसला गेलेली. घरात तो आणि सासूबाई. सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली होती. दिवे लुकलुकणारं कुठलंही यंत्र दिसलं, की त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

“सहा मिनिटांच्या गाण्याला चार तास?”

“चौऱ्याऐंशी ट्रॅक आहेत, आई. व्हायोलिनं, ढोल, वादळ. प्रत्येकाला वेगळा घुमारा दिलाय. सगळा हिशोब प्रोसेसरला करावा लागतो.”

सासूबाईंनी चष्मा सावरून पडद्यावरचे आठ चौकोन न्याहाळले. “हे काय?”

“प्रोसेसरचे आठ भाग.”

“एकटाच राबतोय. बाकीचे सात नुसते बसलेत.”

“तो प्रोग्रॅमच तसा आहे.”

“आमचं ऑफिसही तसंच होतं,” सासूबाई म्हणाल्या. “सगळं बंद करा, मशीन जरा निवू द्या, आणि तुम्ही तोंड धुऊन या. घामाघूम झालात.”

दुसरं काही सुचत नव्हतं. त्याने काम रद्द केलं, इंटरनेटवरची उघडी पडलेली वीस पानं मिटवली आणि तोंडावर पाणी मारून आला. पुन्हा बटण दाबलं. फाइल चाळीस सेकंदांत तयार!

“आई, तुमचा सल्ला म्हणजे सल्ला!” त्याने वेळ बघितली, न ऐकताच फाइल पाठवली आणि मग विजयी मुद्रेने हेडफोन चढवला.

शांतता. वादळ नाही, ढोल नाही. बऱ्याच वेळाने एक ‘टिंग’. पुन्हा शांतता.

त्याने हेडफोन काढला. पडद्यावर अगदी तळाशी चौऱ्याऐंशीव्या ट्रॅकवर, छोट्या घंटीपुढे, ‘एस’ हे अक्षर पिवळंधमक पेटलं होतं. एस म्हणजे सोलो. बाकी त्र्याऐंशी गप्प.

“आई, तुम्ही काही दाबलंत?”

“एस. स्टार्टचा. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत सुरुवात तरी होईल.”

त्याने दिग्दर्शिकेला सात फोन लावले. सातही वाजून वाजून बंद पडले. आता आपल्याला कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनालाही बोलावणार नाही, असं मनाशी पक्कं करून तो भिंतीकडे बघत बसला.

अडीच वाजता तिचा फोन आला. तिचा आवाज ओला होता.

“अहो, निवड झाली! पडद्यावर तो म्हातारा रिकाम्या घरात बसलेला, आणि मधेच एक टिंग... समितीतल्या एकाने रुमाल काढला. मला तर वाटलं होतं, तुम्ही नेहमीसारखं वादळ आणाल. एवढा संयम कुठून आणलात?”

“तो... आतूनच आला,” संगीतकार म्हणाला. सासूबाईंकडे बघायचं त्याने टाळलं.

आठवड्याभरात दुसऱ्या लघुपटाचं काम आलं. या वेळी त्याने एकच घंटी घेतली, ती सहा मिनिटांत नऊदा वाजवली आणि डोळे मिटून सासूबाईंना ऐकवली.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “छान आहे. पण फारच ओकंबोकं वाटतंय हो. दोन ढोल तरी घाला!”