चूक सांगा, सर

वीरभद्रअप्पा भेटले की "जेवलात का?" असं विचारत नाहीत. "पासवर्ड किती अक्षरी हाय?" असं विचारतात. वर म्हणतात, "पासवर्ड नगं, नुसती लांबी सांगा." लातुरातल्या आमच्या गल्लीत बायका त्यांना लांबून पाहिलं तरी मोबाइल पदराखाली घेतात.

वीज कचेरीतून निवृत्त झाल्यावर अप्पा मोबाइलवर बघून बघून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि पासवर्ड ओळखणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून बसले. "कॉम्प्युटर पासवर्ड तसाच ठिवत न्हाई, दळून ठिवतो. त्या पिठाला हॅश म्हणायचं. पिठाचे परत गहू व्हत न्हाईत. मग आपण एकेक शब्द दळायचा अन् पीठ जुळतंय का बघायचं." प्रयोग फक्त स्वतःच्या जुन्या पासवर्डांवर. "दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं हराम हाय."

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून अभिप्रायासाठी त्यांनी मला धरलं. वरवर बघून मी "छान आहे" म्हणालो. अप्पा भडकलेच.

"छान तर सगळेच म्हणून राहिले! पुण्याचा लेक म्हणतो, नाइस अप्पा. सून अंगठा पाठवती. चूक सांगा, सर!"

मग नीट वाचलं. शब्दांच्या यादीत मुखेड, उमरी, उदगीर, करडई असलं काय काय भरलेलं. पण सापडायचा तो फक्त शेवटचा शब्द. बाकीचे पासवर्ड लई मजबूत, अशी अप्पांची समजूत.

"अप्पा, फाइलीतून शब्द वाचताना ओळ संपल्याची खूणही त्याला चिकटून येते. ती न काढताच तुम्ही दळताय. फक्त शेवटच्या ओळीला ती खूण नाही, म्हणून तेवढाच शब्द जुळतो."

"म्हंजे इतके दिवस गव्हासंगं खडे दळून राहिलो?"

"हाव."

अप्पा खो खो हसले. हसता हसता चष्मा काढून पुसत राहिले.

"गिरिजानं पहिल्याच दिवशी धरलं असतं. कॉम्प्युटरातलं तिला कायबी कळत नव्हतं, पण माझं चुकलं की कळायचं. शर्टाचं बटन, भाजीतलं मीठ... ती गेली अन् मी एकदम बरोबरच झालो बघा. कुणी बोलतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्त स्क्रिप्ट घेऊन आले. सगळे शब्द सापडले. अप्पा दारातच उभे होते, लॅपटॉप छातीशी धरून.

"झालं तर मग. येतो."

यादी एवढीशी, त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. तरी मी म्हणालो, "थांबा. हे चालतंय किती हळू! दरेक हॅशसाठी अख्खी यादी नव्यानं दळायची? असं कुणी करतं का?"

अप्पांनी चपला काढल्या आणि आत येऊन बसले.