वस्तू क्रमांक चौदा

बाळकुमला उल्हास नदीच्या काठी धाकूमामांची पिठाची गिरणी आहे. ती सत्तर वर्षं चालू होती. तिच्या जतनातली मुख्य अडचण हीच होती.

नदीकाठ इतिहास मंडळाच्या पहिल्याच सभेत अध्यक्ष हरिहर दामले यांनी हा मुद्दा मांडला. ‘‘चालू आहे तोवर ते दुकान. बंद पडली की वारसा.’’ गिरणीशेजारच्या आमच्या नव्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये टाळ्या झाल्या.

मी मंडळाचा तांत्रिक सचिव. भौतिकशास्त्रात एमएस्सी असल्यामुळे गिरणीच्या पट्ट्याची झीज मोजायचं काम माझ्याकडे आलं. पट्टा दर दळणाला सरासरी ०.००४ मिलिमीटर झिजतो, असं मी दाखवून दिलं. म्हणजे गिरणीला सर्वांत मोठा धोका दळणापासून होता. अहवाल एकमताने मंजूर झाला आणि सोमवारी सकाळी दहा वाजता मोटार बंद करून गिरणी वाचवण्यात आली.

धाकूमामांची हरकत नव्हती. गुडघे दुखत होते आणि मंडळाने त्यांना बसायला खुर्ची कबूल केली होती. गिरणीतलीच जुनी खुर्ची. पुढे ती वस्तू क्रमांक तीन झाली, तेव्हा ते पायरीवर बसू लागले. भुवयांवरचं पीठ पुसायचं नाही, एवढी एकच मंडळाची अट होती.

मोटार बंद केली तेव्हा दळणाच्या रांगेत सहा डबे होते. रांग आहे तशीच जतन करावी असं ठरलं. सुटा डबा काय कुणाच्याही घरी असतो.

मंगळवारी गोदूबाई आल्या.

‘‘माजा डबा दे रं बाला.’’

‘‘आजी, तो आता वस्तू क्रमांक चौदा आहे.’’

‘‘चौदा असू दे नाय तं चालीस. शनवारी नातीची हलद हाय. पावने काय तुजे नंबर खातील?’’

डब्यात बारा किलो तांदूळ होता, नातीच्या, निशाच्या हळदीच्या भाकऱ्यांसाठी. ‘‘दुकानात मिळेल की तांदूळ,’’ मी सुचवलं.

‘‘तुमचा त्यो पोहायचा टँक हाय ना, तिथं आमचं खाचर व्हतं. उरल्या तुकड्यातला ह्यो तांदूल. आमच्या घरच्या हलदीला घरचाच लागतो.’’

मी नियम वाचून दाखवला. वस्तू ऐतिहासिक नाही असं सिद्ध झालं, तर ती परत मिळते.

‘‘डबा किती जुना आहे?’’

‘‘माज्या सासूचा. तिला तिच्या सासूनं दिलेला,’’ गोदूबाई अभिमानाने म्हणाल्या.

अर्ज तिथेच फेटाळला गेला.

‘‘मंग डबा ठेव नि तांदूल दे. त्यो तं यंदाचा हाय.’’

हा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून मी तो वर पाठवला. अध्यक्षांनी बुधवारी निर्णय दिला : रिकामा डबा घेऊन कुणी दळणाच्या रांगेत उभं राहत नाही, सबब तांदूळ हा डब्याचाच भाग आहे.

धाकूमामा पायरीवरून म्हणाले, ‘‘पंधरा मिनटांचं काम हाय, सायेब. चालू करतो, दलतो, बंद करतो. कोनाला कलनार पन नाय.’’

‘‘आज चार सहस्रांश मिलिमीटर,’’ अध्यक्ष म्हणाले, ‘‘उद्या अख्खा पट्टा!’’

गुरुवारी तपासणीत मला तांदळात सतरा सोंडे सापडले. औषध मारावं असा एक प्रस्ताव आला, पण गिरणीत मूळचे राहणारे आता तेवढेच उरले होते. त्यांची ‘मूळ रहिवासी’ म्हणून नोंद झाली.

‘‘किड्यांना घर दिलंत,’’ गोदूबाई म्हणाल्या. ‘‘बरं झालं. येत्या गनपतीला त्यांनाच वर्गनी मागा.’’

शुक्रवारी मंडळाने माणुसकी दाखवली. ‘मूळ ग्राहक’ म्हणून शनिवार-रविवार, दहा ते पाच, आपल्या डब्याशेजारी उभं राहण्याची परवानगी गोदूबाईंना देण्यात आली. शनिवारी हळद असल्याचं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी शनिवारपुरती उभं राहण्यातून सूट दिली, रविवारची दिली नाही.

गोदूबाईंनी हळदीचं आवतण मात्र साऱ्या मंडळाला दिलं. आम्ही एकूणएक गेलो. इथल्या तांदळाच्या भाकरीवर अध्यक्ष लेख लिहिणार होते. मांडवात पंगत बसली, वाढणं झालं. अध्यक्षांनी भाकरी उचलली, तर ती मधोमध फाटली.

‘‘हे पीठ गिरणीतलं वाटत नाही,’’ ते दुखावल्या स्वरात म्हणाले.

‘‘पाकिटातलं हाय,’’ गोदूबाई रश्शाची वाटी पुढे सरकवत म्हणाल्या. ‘‘गिरन जपून ठेवलीय.’’

अध्यक्षांना पुढे जेवण गेलं नाही. इतिवृत्तात त्यांनी लिहवून घेतलं : ‘स्थानिक लोक स्वतःच्या परंपरा टिकवत नाहीत, याचा मंडळास खेद होतो.’ फाटलेली भाकरी वस्तू क्रमांक बावीस झाली.

रविवारी गिरणी लोकांसाठी खुली केली. ठाण्याहून, डोंबिवलीहून चारशे बारा माणसं आली. त्यातल्या तीनशे सत्त्याण्णव जणांनी डब्याशेजारी उभं राहून फोटो काढला. अभिप्राय-वहीत सगळ्यांचा सूर एकच आहे : ‘काय दिवस होते! आमच्याकडेही अशी एखादी चालू गिरणी असायला हवी होती.’

तुम्हीही या. प्रवेश मोफत आहे, वहीत तुमच्या अभिप्रायासाठी जागा सोडली आहे. फक्त येताना हातात डबा आणू नका. धाकूमामा उगाच उठून उभे राहतात.