चारशे किलो बेसनाचा फरक

“महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये त्या हृषीकेशची हवा नाही काढली, तर नाव वासुदेव पागे नाही!” डबा पिशवीत कोंबत वासुदेवने बायकोला ठणकावून सांगितलं.

“अहो, त्या मुलाने तुमचं काय बिघडवलंय?” शुभदाने विचारलं.

काय बिघडवलंय! परदेशीपुऱ्यातल्या नमकीनच्या कारखान्यात वासुदेव एकोणीस वर्षं खर्चाचे हिशेब सांभाळत होता. दर दिवाळीला त्याला काय मिळे? एक डायरी! आणि नाशिकहून आलेला हा हृषीकेश, खरेदी विभागात जेमतेम सहा महिने! हिशेबात ऐंशी रुपये किलोने धरलेलं बेसन त्याने जवळच्या हातोद गावाहून शहात्तरने आणलं. पाच हजार किलोवर वीस हजारांचा फायदा! मालक अप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याला स्वतःच्या हाताने जिलेबी भरवली. वासुदेवच्या पोटात अशी आग पडली, की भट्टीचा गॅस वाचला असता!

‘स्वस्त बेसन म्हणजे रद्दी बेसन,’ त्याने मनाशी ठरवलं आणि तडक भट्टी गाठली.

“शामजी, नव्या बेसनाचे रोज दोन घाणे टेस्टला वेगळे ठेवायचे. मी पास केल्याशिवाय तयार मालात धरायचे नाहीत!”

“जैसा आप बोलो,” कारागीर शामजी म्हणाला.

पाच दिवस वासुदेव शेव चावत राहिला. कडवटपणा शोधला, खवटपणा शोधला. छे! शेव कमालीची खुसखुशीत! चिडून त्याने टेस्ट बंद केली, पण पासची सही काही केली नाही.

महिनाअखेर आकडे आले आणि त्याला नाचावंसं वाटलं. मीटिंगमध्ये तो छाती काढून उभा राहिला.

“साहेब, प्राइस व्हेरियन्स, म्हणजे दरातला फरक, वीस हजार फायद्याचा, मान्य! पण वापराचं काय? जेवढी शेव निघाली, तिला चार हजार सहाशे किलो बेसन पुरायला हवं होतं. लागलं पाच हजार! जादा चारशे किलो, ऐंशीच्या दराने बत्तीस हजारांचा फटका! फायदा वजा जाता बारा हजार नुकसान!”

हृषीकेशचा चेहरा उतरला. वासुदेवला एकोणीस वर्षांच्या डायऱ्या वसूल झाल्यासारखं वाटलं.

“बाप रे! चारशे किलो गेलं कुठे?” अप्पासाहेब ओरडले. “शामजीला बोलवा!”

शामजी हात पुसत आला. “साहेब, गेलं कुठेच नाही. त्याची शेव मागच्या कोठीत पडली आहे ना! चाळीस-चाळीस किलोचे दहा घाणे. वासुदेवजी बोलले, मैं पास करूंगा तब लेना. त्यांनी पास केलंच नाही, तो हम क्या करें?”

पोती उघडली. अप्पासाहेबांनी मूठभर शेव तोंडात टाकली. “चव तर झकास आहे हो! पण मऊ पडून पार कापूस झालीय!”

आपले ते दहा घाणे वासुदेव साफ विसरूनच गेला होता!

“साहेब, चूक त्यांची नाही,” हृषीकेश पुढे आला. “नव्या मालाची तपासणी व्हायलाच हवी. मीच आधी वासुदेवजींना विचारायला पाहिजे होतं.”

अरे देवा! शिव्या परवडल्या असत्या, पण याने वाचवावं?

“बरोबर!” अप्पासाहेब म्हणाले. “आजपासून खरेदीला दोघं जोडीने जा. बेसन तिथेच तपासून घ्या.”

दुसऱ्या दिवशी हातोदच्या रस्त्यावर वासुदेव हृषीकेशच्या मोटरसायकलवर मागे बसला होता. खड्डे येत होते, गतिरोधक येत होते; पण कमरेला एक धक्का बसेल तर शपथ!

“नीट बसलात ना, वासुदेवजी?”

“हो,” वासुदेव दात आवळून म्हणाला.

मेला गाडीसुद्धा छान चालवत होता!