हौद साफ झाला का?

देवमन तायडेनं हौदाचा फिल्टर उघडायचं ठरवलं, त्याचं खरं कारण फिल्टर नव्हतंच. कारण होतं त्याची बायको पंचफुला, आणि ती माहेरी, अकोल्याजवळ बार्शीटाकळीला जाऊन बसली होती.

सन त्रेसष्टचा उन्हाळा. अमरावतीला कॅम्पात भगवंतराव वकिलांचा बंगला होता आणि बंगल्यामागे चक्क पोहायचा हौद. वकीलसाहेब विलायतेहून येताना डिग्रीसोबत ही हौसही घेऊन आले होते. मागच्या दोन खोल्यांत देवमनचं बिऱ्हाड. कचेरीत कारकुनी आणि घरी बायकोचा धाक, असं त्याचं बरं चाललं होतं. उन्हाळा लागताच वकील मंडळी पचमढीला निघाली. जाताना वकीलीणबाई म्हणाल्या, "पंचफुला, आता मोकळेपणी पोहून घे बरं."

पंचफुलाचं पोहणं विहिरीतलं. पोरगी असताना ती मोट रिकामी होते त्या थारोळ्यावरून थेट विहिरीत उडी टाकायची. लग्न झालं आणि पाणी फक्त भरण्यापुरतं उरलं. हौदाच्या काठी कपडे वाळत घालताना ती पाण्याकडे अशी बघत राही, की देवमनला वाटे, हिनं एकदा तरी आपल्याकडे असं बघावं.

पण हौदाचा पंप सुरू केला की हत्ती शिंकल्यासारखा आवाज होई, म्हणून देवमननं तो सुरूच केला नाही. पाणी आधी हिरवट झालं, मग पालकाच्या भाजीसारखं.

"ह्या पान्यात म्हैस बी नाई उतराची," पंचफुला म्हणाली आणि बहिणीच्या लग्नाला निघून गेली.

लग्न उरकलं, वरात गेली, मांडवही सुटला. पंचफुला काही आली नाही. देवमनला सकाळची बुद्धवंदना एकट्यानं म्हणवेना. त्याचा आवाज भिंतीवर आपटून त्याच्याकडेच परत यायचा. भाकरी थापायला घेतली की तिचा नकाशा व्हायचा. शेवटी तो रजा टाकून तिला आणायला गेला. पंचफुला विहिरीवरून येत होती. केस ओले, चेहरा टवटवीत.

"हौद साफ झाला का?" तिनं विचारलं.

"होऊन राहिला," देवमन म्हणाला. (धडधडीत खोटं.)

"मंग झाला की सांगा. येतो मी."

हे ती हसून म्हणाली होती. देवमनला मात्र हसू दिसलं नाही, अट दिसली. (सरकारी नोकरीत माणसाचं असं होतं.) निघताना तो छाती काढून म्हणाला, "पुढच्या रविवारी ये. तळ दिसला नाही तं नाव बदलून देईन."

फिल्टर म्हणजे एक मोठं लोखंडी पिंप. आत तळाशी जाळी, जाळीवर गोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर रेती. पंपानं पाणी वरून सोडायचं, ते रेतीतून गाळलं जाऊन खालून परत हौदात. देवमननं हिरवं पाणी उपसून खराट्यानं हौदाचं शेवाळं घासलं, नवं पाणी भरलं, तर तेही गढूळ. पिंपातली रेती उपसून धुतली, अंगणात वाळवली. हाताला फोड आले, तेही त्याला गोड वाटले. रविवारी सकाळी पिंपाच्या तळाशी पोचला, तर जाळी गंजून हातात आली. जाळीच नाही म्हणजे रेती सगळी हौदात.

त्यानं पंचफुलाची पेटी उघडली. अगदी खाली एक जाडंभरडं डाळिंबी लुगडं होतं. खाली आहे म्हणजे जुनंच असणार, असा हिशेब करून त्यानं ते चौघडी घालून जाळीच्या जागी बांधलं, वर गोटे, खडी, रेती भरली आणि डोळे मिटून पंप सुरू केला.

डोळे उघडले तेव्हा हौदात डाळिंब फुटलं होतं.

कुंपणापलीकडे फुलांचा वाफा खुरपणाऱ्या मनकर्णाबाईंनी मान वर केली. लाल पाणी. काठावर कुदळ. देवमन घामानं निथळलेला.

"देवमनभाऊ, हे काय करून राहिले? पंचफुला कुठी हाय? लय दिवसाची दिसली नाई."

"तिच्याच पायी तं हे सगळं करून राहिलो, बाई."

"अन् हा लाल रंग कायचा?"

"तिचाच. म्हंजे तिच्या लुगड्याचा. पिंपात बांधलं हाय."

"लुगडं पिंपात?" मनकर्णाबाईंचा आवाज चिरकला. "अन् बाई?"

"ते येते आता वर," देवमन म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, अकोल्याची गाडी बडनेऱ्याला आली असेल, तिथून ती वर कॅम्पात येईल. पण तोवर मनकर्णाबाई ओरडत रस्त्यावर पोचल्या होत्या.

अर्धा कॅम्प जमला. पोलीस शिपाई आला. त्यानं देवमनलाच पिंप उपसायला लावलं. रेती निघाली, खडी निघाली, गोटे निघाले. शेवटी लुगडं वर आलं, थेंब थेंब लाल गळत. बायकांनी तोंडाला पदर लावले. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला.

"कोन मेलं वो?" पंचफुलानं विचारलं.

"तूच," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

खुलासा व्हायला वेळ लागला, गर्दी हसत पांगायला त्याहून जास्त. मग दोघंच उरले. पंचफुलानं लुगडं हातात घेतलं. "आईनं देल्लं होतं. नवं कोरं. घडी बी नोती मोडली."

"मले करमत नव्हतं," तो एवढंच म्हणाला.

पंचफुलानं हौदात डोकावून पाहिलं. पाणी लाल होतं, पण तळ दिसत होता. तिनं लुगडं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. हौदभर लाटा उठल्या. देवमननं लग्न केलेल्या बाईत इतकी वर्षं एक मुलगी दडून बसली होती. ती आता त्या डाळिंबी पाण्यात सपासप हात मारत चालली होती. देवमनला पोहता येत नव्हतं. तो काठावर उकिडवा बसला.

ती जवळून गेली तेव्हा त्यानं सगळा धीर गोळा केला. "तिकडे आठवन यायची का?"

"लय!"

"कोनाची?"

पंचफुलानं बुडी मारली. देवमन श्वास धरून वाट बघत राहिला. ती पार पलीकडच्या टोकाला वर आली, तोंडावरचं पाणी निपटत.

"काय म्हनत होते? पान्यात आयकू नाई आलं."

असला प्रश्न माणूस एका जन्मात एकदाच विचारू शकतो.

"टॉवेल आनू का, म्हनत होतो."

"आना," ती म्हणाली. "अन् चहा बी मांडा. तुमी तसे बी रिकामेच हाय."