सोनवणेकाकांचा एकसष्टावा प्रश्न

सोनवणेकाका कुणाच्या घरी दुसऱ्यांदा आले, की त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाटायचं, हा दिवस आपला आधी एकदा जगून झालाय. पहिल्या भेटीनंतर बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी, दुपारी तीनला, काका बेल वाजवायचे. अंगात तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट. बसायला तीच खुर्ची. पडदा अर्धा ओढलेला, एसी चोवीसवर, चहात साखर दीड चमचा. मग तेच प्रश्न, त्याच क्रमानं, त्याच आवाजात. पहिल्या वेळी सतराव्या प्रश्नानंतर खोकला आला असेल, तर दुसऱ्या वेळीही ते तिथंच खोकून घ्यायचे.

"कंडिशन सेम पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

हमरिया भागातल्या एका आजोबांनी काका गेल्यावर मुलाचा हात घट्ट धरून विचारलं, "मधला महिना माझा कुठं गेला रे?" त्यांना कॅलेंडर दाखवलं, मोबाइल दाखवला, दुधाच्या बाटलीवरची तारीखही दाखवली. तरी त्यांचा विश्वास बसेना. मुलानं चिडून मला फोन केला आणि काकांना आवरायला सांगितलं, जणू मी त्यांची मॅनेजर.

चूक माझीही होतीच म्हणा. ते प्रश्न मराठीत टाइप करून दिले होते मीच, ऑफिसच्या प्रिंटरवर, जेवणाच्या सुट्टीत.

काका आखातातल्या या शहरात, वादी कबीर भागात, आमच्या अगदी वरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळ नाशिकचे. गाला भागातल्या एका काँक्रीट कंपनीच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. ओलं काँक्रीट लोखंडी साच्यात भरायचं, पाण्यात ठेवायचं आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनखाली चिरडून बघायचं, किती भार सोसतंय ते. त्या चौकोनी ठोकळ्याला ते क्यूब म्हणतात. तीस वर्षं क्यूब फोडल्यावर माणसाला सगळं जग क्यूबच दिसत असावं. "पहिल्या दिवशी कुणीही छान बोलतं, ताई," ते मला सांगायचे. "अठ्ठाविसाव्या दिवशी जे निघतं, तो रिझल्ट."

हे प्रश्नांचं खूळ शिरलं गुडघ्यातून. गुडघा दुखतो म्हणून काका रुवीतल्या एका चिनी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाआधी साठ प्रश्नांचा इंग्रजी कागद पुढे केला. अंगाला गार लागतं का, तोंड चिकट होतं का, वाऱ्याची भीती वाटते का. उत्तरांवरून तुमची प्रकृती कुठली ते ठरणार. काकांना औषधापेक्षा तो कागदच आवडला. पण मुलांकडे राहायला आलेले आपले आईवडील हे इंग्रजी वाचणार कसे? काकांनी तिथंच मराठी कागद करायचं कबूल करून टाकलं. बाई खूश झाल्या. त्या दक्षिण चीनच्या, घरी कँटनीज बोलणाऱ्या. त्यांनी त्यांच्या गावच्या म्हाताऱ्यांसाठी असाच कागद बदलून घेतला होता. "छापलेली भाषा वेगळी आणि आजी बोलते ती वेगळी," असं त्या म्हणाल्या म्हणे. "आजीला विचारल्याशिवाय एकही ओळ पक्की करायची नाही."

हे शेवटचं वाक्य सोनवणेकाकांना सांगायला नको होतं.

काका कागद घेऊन घरोघर निघाले. "वाऱ्याची भीती वाटते का?" असं एका आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भीती कसली? आम्ही समुद्रावरची माणसं," आणि त्यांनी एका वादळाची हकीगत पाऊण तास सांगितली. मग तो प्रश्न झाला, "पंख्याखाली किंवा एसीसमोर बसवत नाही, असं होतं का?" दुसऱ्या एकींना "विनाकारण उसासे टाकता का?" विचारलं. "विनाकारण कशाला टाकीन? कारण संध्याकाळी सहाला ऑफिसातून येतं," त्या म्हणाल्या. "लहानशा आवाजानं दचकता का?" या प्रश्नाला तर काका उत्तराची वाटच बघत नसत. खिशातून स्टीलचा चमचा काढून फरशीवर टाकायचे. दर वेळी एकाच उंचीवरून.

उत्तरासाठी पाच रकाने होते. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. पण आपली म्हातारी माणसं यातलं एकही उत्तर देईनात. कंबर दुखते का? चालायचंच. झोप लागते का? चालायचंच. शेवटी काकांनी मला सहावा रकाना करायला लावला आणि त्यावर "चालायचंच" असं लिहिलं. डॉक्टरीणबाई तो बघून खूप हसल्या. त्यांच्याकडच्या आज्याही अगदी हेच म्हणतात म्हणाल्या.

एकसष्टावा प्रश्न मात्र त्या चिनी कागदावर नव्हता. तो मी टाइप केलेलाही नव्हता. प्रत्येक प्रतीच्या तळाशी काका तो स्वतः निळ्या पेनानं लिहायचे: "घरात कुणी नसताना हाक ऐकू येते का? गावाकडे यायची का? इथं येते का?"

पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरीणबाईंनी तो काढायला सांगितला. "साठ तुमचे मॅडम, एक माझा," असं म्हणून काका उठून आले. कुणाची हाक, ते मात्र ते कधीच विचारत नसत. ती खाजगी बाब, म्हणायचे.

आणि लोक उत्तर देत होते. तेही पटकन, चालायचंच न म्हणता. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत, बंद खिडक्यांच्या आत नुसता एसी घुरघुरतोय, अशा किती घरांत ही माणसं दिवसभर एकटी बसलेली असतात. हो, येते की, ती सगळी म्हणायची. गावाकडे यायची तीच, इथंही. त्या भरलेल्या कागदांची चळत एकदा काकांनी मला वाचायला दिली. त्या दिवशी मी लिफ्टमध्ये एकटी चढले नाही.

दरम्यान काकांची नोकरी संपली होती. व्हिसा रद्द व्हायचा होता, फ्लॅट कंपनीला परत द्यायचा होता. नाशिकला मुलानं त्यांची खोली रंगवून ठेवलेली. कंपनीनं दोनदा मुदत वाढवून दिली आणि तिसऱ्यांदा शेवटची तारीख सांगितली. आम्ही विचारलं, की एकच उत्तर, "रिझल्ट आल्याशिवाय जाता येत नाही."

शेवटचा क्यूब होती माझी आई. बाबा गेल्यावर मी तिला अलिबागहून इकडे आणलं होतं. काका आले, चौकड्यांच्या शर्टात, पडदा अर्धा ओढून. आईनं साठही प्रश्नांना हसत उत्तरं दिली. एकसष्टाव्याला थांबली.

"गावाकडे यायची, हो," ती म्हणाली. "इथं नाही येत."

काकांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांचा चेहरा इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. चहा तसाच टाकून ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. संध्याकाळी मी डब्यात थालीपीठ घेऊन वर गेले. घरात सगळीकडे खोकी बांधलेली. स्वयंपाकघराला मात्र हात लावलेला नव्हता. कपबश्या जागच्या जागी होत्या, हुकावर काकूंचा एप्रन होता. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

"एक उत्तर चुकलं तर एवढं काय, काका?"

"एक क्यूब फेल म्हणजे अख्खा स्लॅब संशयित," ते म्हणाले. मग एकदम हात वर करून त्यांनी मला गप्प केलं आणि मान स्वयंपाकघराकडे वळवली. मला फ्रिजशिवाय काही ऐकू आलं नाही. काकांचा चेहरा मात्र हळूहळू सैल झाला.

"आली," ते म्हणाले. "रोज याच वेळेला. 'अहो, चहा,' म्हणते."

मला उठून पळावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"मी भूतबीत मानत नाही, ताई. आमच्याकडे ते चालत नाही. कानाचा दोष असेल, डोक्याचा असेल, काहीही असो, मला चालतंय. फक्त एवढंच कळायला हवं, की माणूस जागा सोडून गेला, तर हाक बरोबर जाते का. इतक्या घरी विचारलं, सगळ्यांची बरोबर आली. तुमच्या आईची नाही आली." ते खोक्यावर बसले. "नाशिकला गेलो आणि तिकडे आलीच नाही, तर मी काय करू? आणि ती इथं रिकाम्या घरात हाका मारत राहिली, तर?"

खाली येऊन मी सगळं आईला सांगितलं. ती छताकडे बघत राहिली.

अठ्ठाविसावा दिवस कंपनीच्या तारखेच्या दोन दिवस आधी आला. काकांनी बेल वाजवली. तोच शर्ट, तीच खुर्ची. चमचा पडला, आई दचकली, साठ प्रश्न झाले. मग एकसष्टावा. काकांचा आवाज मात्र या वेळी सेम नव्हता.

"इथं येते का?"

"येते," आई म्हणाली. "आता येते. अगदी स्पष्ट येते."

काकांनी रकान्यात खूण केली. ती नीट उमटली का ते चष्मा वर करून पाहिलं, आणि "खलास, झालं," म्हणाले. डोळे पुसायला ते गॅलरीत गेले, तेव्हा आम्ही दोघी टेबल आवरत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ते नाशिकला गेले.

तो आठवडा मी आईशी जरा फटकूनच वागले. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "त्यांना बरं वाटावं म्हणून तू खोटं बोललीस ना? बाबांची हाक येते म्हणून?"

"तुझ्या बाबांची येते असं मी कुठं म्हटलं?" आई मटार सोलत होती. "हाक येते म्हटलं. ती यायचीच. आले तेव्हापासून रोज पाचच्या सुमाराला वरून एक बाई हाक मारायची, अहो म्हणून. मला आधी वाटलं, त्यांच्याकडे कुणी राहतं. तू त्यांच्या बायकोचं सांगितलंस, तेव्हा कळलं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग हे त्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर ते हललेच नसते इथून."

मी वर पाहिलं. वरचा फ्लॅट आता रिकामा होता, किल्ली कंपनीकडे. घड्याळात सव्वापाच झाले होते. "आणि आता?" मी विचारलं.

"आता कुठली? ते गेले त्या दिवसापासून बंद आहे. गेली ती त्यांच्याबरोबर."

आईनं उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या, साली कागदात गुंडाळल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांना मात्र काही विमान जमलेलं दिसत नाही. तू माझं तिकीट काढ बाई. ते तिकडे एकटेच हाका मारत असतील."