मोटारीचे स्नानाचें पाणी कैसें ठरलें, त्याची हकीकत

समस्त सुज्ञ, शहाणे, मोटारवाले व पायीं चालणारे यांसी विज्ञापना ऐसी जे, एक मोटार धुवावयासी एक कुटुंब चार घटका कैसें झुंजलें आणि पाणी कोणतें कबूल जाहलें, हा मजकूर आम्हीं समोरचे सज्ज्यांतून आपले डोळां पाहिला. हातींचा चहा निवोन गेला, तरी जागा सोडली नाहीं. यास्तव लिहितों तें अक्षर न् अक्षर खरें जाणावें.

ऐन थंडीचे दिवस, सकाळचा नवाचा अंमल. आजोबा म्हणजे स्टेशनमास्तर, चाकरी सुटलेली, मिजास मात्र बहाल. त्यांस इस्पितळांतून सूनबाईंचा फोन आला जे, डॉक्टरांनीं रजा दिली, अकरास न्यावयास यावें. बाळराजे चार दिवसांचे होऊन पांचव्यांत पडले होते. आजोबा एकच चप्पल घालोन जिना उतरले आणि मोटार पाहतांच मटकन पायरीवर बसले. कारण ती पांढरी मोटार, आजोबांचा केवळ प्राण, बाळंतपणाचे गडबडींत आठ दिवस झाडाखालीं बेवारस उभी. वरोन पांखरांनीं तोफखाना चालविला, झाडानें चिकाचे थेंब गाळिले, खालोन चिखलानें वेढा दिला, आणि पांढरा रंग कोठें म्हणोन पुसावें ऐसी दशा जाहली. चिरंजीव, पेशानें चष्मेवाले, यांनीं अर्ज केला कीं, धुलाईकेंद्रीं न्यावी. त्यावर हुकूम जाहला जे, यंत्राचे कुंचले आमचे गाडीस लागणार नाहींत, हातानेंच धुवावी, आणि गारच पाण्यानें धुवावी. रेल्वेचे डबे जन्मभर गार पाण्यानें धुतले, एकही डबा तक्रार घेऊन आला नाहीं.

मग खासा आजोबांनीं नळी उचलिली आणि छपरावर मारा केला. पाणी ऐसें गार कीं, पहिल्या फवाऱ्यासरशीं दांतांचा चौघडा वाजूं लागला, साबण विरघळेना, बादलीचे तळीं गोळा होऊन रुसला, चीक गारठोन अधिकच मातला, आणि बोटांचीं लाकडें होऊन स्पंज तीन वेळां गळाला.

"बाबा, ओठ निळे पडलेत तुमचे."

"रंगच तसाय माझा!"

ऐसें बोलोन आजोबांनीं हात काखेंत घातले व माघार घेतली, आणि तिचें नांव विश्रांति ठेविलें.

तों चिरंजीवांस चेव आला. मळ कढत पाण्यावांचून हटत नाहीं, ऐसा सिद्धांत करोन त्यांनीं दोन बादल्या जिन्यानें उतरविल्या, पैकीं अर्धी पायऱ्यांचे पदरीं पडली, आणि एक बॉनेटावर रिचविली. वाफेचा ऐसा लोट उठला कीं मोटार दिसेना, चष्मेवाल्यांचा चष्मा धुकाटला, आणि ते मोटार समजोन बराच वेळ फाटक घासीत राहिले. मग साबण क्षणांत वाळोन बॉनेटावर मळकट नकाशे उमटले. तरीही दुसरी बादली घेऊन पुढील काचेवर चाल केली, इतक्यांत आजोबा धांवोन बादलीस लटकले.

"अरे, काच गार आहे! तडकेल ना!"

"मग काय, बर्फानं धुवू?"

येथें पितापुत्रांत बेबनाव जाहला. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्यें अर्धी भिजलेली मोटार, आणि घड्याळांत दहा वाजोन दहा मिनिटें. ऐशा बाक्या प्रसंगीं सूनबाईंचा फोन पुन्हा आला, कीं बाळास टोपी घातली, निघालात ना? दोघेही एकदम वदले, "निघालोच!" मुखीं असत्य, कोपरापर्यंत साबण.

हा गलबला ऐकोन आजीसाहेब खालीं उतरल्या. तीस वर्षें प्रसूतिकक्षांत परिचारिका. यांपुढें डॉक्टर देखील दबकोन असत. त्यांनीं कोणाची कैफियत ऐकिली नाहीं. रिकामी बादली मागविली, आधीं गार पाणी घातलें, मग मगानें मोजोन कढत घातलें, आणि बाही सारोन कोपर बुडविलें. एक मग आणिक. पुन्हा कोपर. दोन्ही फौजा श्वास रोखोन उभ्या.

"हं. बाळाच्या अंघोळीचं पाणी," आजीसाहेब म्हणाल्या. "चटका नाही, शहारा नाही. तुलाही असल्याच पाण्यानं घातली होती."

"आणि मला?" आजोबांनीं पुसिलें.

"ते तुमच्या आईला माहीत. लागा कामाला."

मग काय पुसावें! कोमट पाण्यांत साबण ऐसा फुलला कीं फेंस बादलीबाहेर सांडला; चिकावर ओलें फडकें ठेवितांच तो शरण आला; पांखरांचीं ठाणीं उठलीं; पितापुत्र समोरासमोर छपर पुशीत असतां फडकीं मध्यें भिडलीं, आणि दोघांसही हसूं फुटलें. पावणेअकरास मोटार ऐसी झळकली कीं सज्ज्यांत आमचे डोळे दिपले.

पुढील मजकूर आजीसाहेबांचे मुखें ऐकिला. इस्पितळाचे दारीं त्या मोटारीकडे कोणी पाहिलें नाहीं. पहारेकऱ्यानें "गाडी पुढे घ्या" इतकेंच म्हटलें. सूनबाईंचे डोळे बाळावर, चिरंजीवांचे सूनबाईंवर. आजोबा क्षणभर खट्टू जाहले. मग दुपट्यांतील मूठभर मुखडा पाहिला, आणि ज्या किल्लीस वीस वर्षें कोणास हात लावूं दिला नव्हता, ती खिशांतून काढोन चिरंजीवांचे हातीं ठेविली.

"तू चालव. मी मागे बसतो, याच्याजवळ."

चिरंजीवांनीं चष्मा पुसिला व किल्ली फिरविली. मोटार निघाली, तों मागोन आजोबांचे हुकूम सुटों लागले, कीं गिअर बदल, खड्डा सांभाळ, डावीकडे बघ.

"बाबा, हळू ना," सूनबाई कुजबुजल्या. "झोपलाय तो."

आणि ज्या आवाजानें आगगाड्या थांबत, तो आवाज जागींच थांबला.

येणेंप्रमाणें गार पाण्याचा मोड जाहला, कढत पाण्यानें शिकस्त खाल्ली, कोमट पाण्याची फत्ते जाहली. बाळराजांचे वयाचे पांचवे दिवशीं, अकरावर वीस मिनिटें, मोटार बैलगाडीचे चालीनें घरीं दाखल जाहली. बाळराजे जागे जाहले नाहींत.