खरं सांगा, दुखलं का?

भूल देताना बाकीचे डॉक्टर मॉनिटरकडे बघतात. आमचे बोरसेसाहेब एक डोळा मॉनिटरवर ठेवतात आणि दुसरा पेशंटच्या पायाच्या अंगठ्यावर. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, सिस्टर. अंगठ्याला ते जमत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या पेशंटला वाटतं, पाय धुवायचे राहिले. एका बाईनं तर लाजून पाय पोटाशी घेतले होते.

सुरतच्या भेस्तान भागातल्या एका लहानशा हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. आम्ही दोघंही धुळ्याकडचे, त्यामुळे साहेबांचा विक्षिप्तपणा माझ्याच वाट्याला जास्त येतो. भुलीचं ते दुधासारखं पांढरं औषध शिरेतून जाताना जाळत जातं. क्षणभरच, मग माणूस गाढ झोपतो. म्हणून त्या क्षणाचं कोणी फारसं मनावर घेत नाही. साहेबांनी नेमकं तेच मनावर घेतलंय. हातावरची बारीक शीर सोडून ते कोपराजवळची जाड शीर शोधतात. दंडाला पट्टा बांधून आधी शीर बधिर करणारं औषध देतात, मिनिटभर थांबतात, पट्टा सोडतात, आणि मग ते पांढरं औषध अगदी सावकाश सोडतात. तेवढ्या वेळात कोणी कात्री वाजवली तरी डोळे वटारतात.

आमचे सर्जन सुरती, घाईचे. "बोरसेभाई, मारे सांजे लग्नमां जवानुं छे. एने क्यां याद रहेवानुं छे?"

"विसरला म्हणजे दुखलं नव्हतं, असं कुठंय?" साहेब मराठीतच ऐकवतात आणि पट्टा घट्ट करतात.

पेशंट शुद्धीवर आला की साहेब हजर. "खरं सांगा, दुखलं का?" नाही म्हटलं तरी पटत नाही. वॉर्डात पुन्हा तेच, घरी निघालेल्याला रिक्षात बसतानाही तेच. कापडाच्या लूमवरच्या एका कारागिरानं शेवटी हात जोडले, "साहेब, तुम्ही म्हणत असाल तर दुखलं." मला हसू आवरेना. पण खरं सांगते, माझं काही कापायची वेळ आली तर भूल ह्याच माणसानं द्यावी.

मग नवागामची सुमनबाई आली, मूळची आमच्याकडचीच. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणारी. पित्ताशयात खडे, दुखायला लागलं की गडाबडा लोळायची, तरी ऑपरेशनला तयार होईना. आधीच्या एका ऑपरेशनच्या वेळी, दुसरीकडे कुठंतरी, भुलीच्या सुईनं तिचा हात पेटला होता. पुन्हा पेटला आणि हातच गेला तर टिकल्या कोण चिकटवणार, ही तिची भीती. साहेब तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले, पट्टा बांधून दाखवला, म्हणाले, "आग होऊ देणार नाही." बाई कशीबशी कबूल झाली.

ऑपरेशनच्या दिवशी मी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"खादं काही नही," सुमनबाई म्हणाली. "पन साहेबनी सांगं ना, आग व्हवाव नही? म्हनीसन मी बी पोट थंड करी उनू. तांब्याभर ताक पिनू."

भरल्या पोटी भूल देता येत नाही. सर्जन गुजरातीत जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. साहेब मात्र म्हणाले, "माझ्याच शब्दाला हातभार लावायला गेली बिचारी," आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. रात्रीतून बाईचा धीर सुटू नये म्हणून त्यांनी तिला वॉर्डातच ठेवून घेतलं.

दुपारी चहा घेताना मी विचारलंच, "साहेब, लोक नाही म्हणतात, तर तुम्हाला पटत का नाही?"

ते कपाकडे बघत म्हणाले, "मायच्या ऑपरेशनला भूल मीच दिली होती. नवा होतो. उठल्यावर विचारलं, दुखलं का? म्हणाली, नही रे भाऊ. पुढं काही वर्षांनी ती वारली, तेव्हा मावशी बोलली. मायचा हात नुसता पेटला होता म्हणे. पण पोरगा नवा आहे, घाबरेल, म्हणून बोलली नाही. त्या एका 'नाही'वर विसंबून मी किती जणांना तसंच झोपवलं, सिस्टर." मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी सगळं नीट पार पडलं. संध्याकाळी सुमनबाई चांगली शुद्धीवर आली, बोटं हलवून बघितली, आणि साहेब आलेच. "खरं सांग, दुखलं का?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "मागला येळसारखं नही, साहेब. पन जरासं चमकनं."

मी मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस आठवडाभर जेवणार नाही. पण साहेब तिच्या खाटेवर टेकले. "कुठं? दाखव."

तिनं कोपरापासून वर दंडापर्यंत बोट फिरवून दाखवलं. साहेब त्या जागेवर हात ठेवून बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चेहऱ्यावर हसू, मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. सुमनबाई घाबरली. "नही नही साहेब, काहीच नही दुखनं."

"आता शब्द फिरवू नको, माय," साहेब म्हणाले. "खरं बोललीस ना, तेवढं राहू दे."